पाचव्या युनिटचा प्रश्न

पदवीच्या कुठल्याही पेपरचा अभ्यासक्रम उघडून बघा, पाच युनिटं सापडतील. पहिल्यात अर्थ, व्याख्या, उद्दिष्टं, महत्त्व आणि मर्यादा. दुसऱ्या-तिसऱ्यात वर्षानुवर्षं रुळलेली गणितं, चौथ्यात एखाददुसरा सिद्धान्त. आणि 'काळानुरूप बदल' म्हणून समितीनं जे जे नव्यानं घातलेलं असतं ते सगळं पाचव्यात: डेरिव्हेटिव्ह, म्युच्युअल फंड, २०१६ चा दिवाळखोरी कायदा, डिजिटल पेमेंट. उज्जैनच्या एका खासगी कॉलेजात मी वाणिज्य शिकवते, आणि माझा अनुभव असा की हे पाचवं युनिट वर्गापर्यंत पोचतच नाही. प्रवेश लांबतात. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघाली की जुन्या शहरातलं येणंजाणं थांबतं. मग नवरात्र, दिवाळी, युवा उत्सव, मध्येच एखादी निवडणूक. पाचव्या युनिटची पाळी येते तेव्हा मुलं गाइड घेऊन घरी बसलेली असतात. परीक्षेत पर्याय असतातच. चार युनिटांवर भागतं.

त्यामुळे कागदावर अभ्यासक्रम दर काही वर्षांनी नवा होतो आणि मुलगा शिकून बाहेर पडतो ते त्याच्या काकानं शिकलेलंच.

बीबीएच्या फायनान्स गटाची आखणी आमच्या विभागाकडे आली तेव्हा पहिल्याच बैठकीत मी एवढंच म्हटलं, की नवीन विषयांची यादी करण्याआधी आज पाचव्या युनिटमध्ये जे जे पडलंय त्यातलं काय उचलून पहिल्या वर्षात आणता येईल ते बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठकीत चहा यायच्या आधी सगळेच माना डोलावतात.

मोकळीक तशी बेताचीच असते. मध्य प्रदेशानं नवं शिक्षण धोरण पदवीला २०२१-२२ पासून लागू केलं, अगदी सुरुवातीच्या राज्यांत. वर्षाला ४० श्रेयांक. त्यांत मेजर, मायनर, ऐच्छिक विषय, एखादा व्यावसायिक विषय, भाषा आणि योग वगैरेंचा आधार पाठ्यक्रम, आणि प्रकल्प किंवा इंटर्नशिप. मग २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या अखत्यारीत गेलं आणि त्यांचा आदर्श अभ्यासक्रम आला. प्रत्येक पेपरचा ठरलेला नमुना भरायचा, 'विद्यार्थ्याला अमुक समजेल, तमुकचं विश्लेषण करता येईल' अशी वाक्यं लिहायची. ती लिहिण्यात आमची एक दुपार गेली आणि त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. आमच्या हातात खरोखर होतं ते पेपरांचा क्रम, अंतर्गत मूल्यांकन, प्रकल्प, आणि वर्गात कुठलं उदाहरण घ्यायचं ते.

एक गोष्ट मात्र या नव्या रचनेतून अचानक पुढं आली. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. ही पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर पडायची सोय जाहीर झाली तेव्हा आम्हाला ती कागदी वाटली होती. पण आमच्याकडे पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटणारी मुलं, आणि मुलांहून जास्त मुली, आधीही होत्याच. घट्टिया, तराना, बडनगर या बाजूंनी बसनं येणाऱ्या. लग्न ठरतं, वडील आजारी पडतात, बस बंद होते. अशी मुलगी फायनान्सचं एक वर्ष करून गेली तर सोबत काय नेते? जुन्या आखणीत उत्तर होतं: व्यवस्थापनाची तत्त्वं, व्यावसायिक संप्रेषण आणि हिशेबशास्त्राचा अर्धा भाग. पैशाबद्दल एक अक्षर नाही. पहिलं वर्ष स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, ही अट मग आम्हीच आमच्यावर घालून घेतली, आणि पुढचं बरंचसं त्यातून आपोआप ठरत गेलं.

पहिल्या वर्षी पहिल्या महिन्यात आता आम्ही व्याजापासून सुरू करतो. माळव्यात सावकारी व्याज महिन्याच्या हिशेबानं बोललं जातं, 'दो रुपये सैकड़ा'. मुलांना हे घरून माहीत असतं. ते वर्षाचे चोवीस टक्के होतात आणि व्याजावर व्याज धरलं तर त्याहून जास्त, हे वर्गात कुणीतरी स्वतःच काढतं. मग मोबाइलच्या दुकानातलं कर्ज. बारा हजारांचा फोन, 'फ्लॅट' बारा टक्के, बारा हप्ते. व्याज १,४४०, हप्ता १,१२०. मुलं म्हणतात, मॅडम, बारा टक्के तर बरोबर आहे. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर घेतलेलं असतं. संगणकावर एक सूत्र घातलं की खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मी व्याख्या सांगून कधी मिळवू शकले नाही. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरातल्या कर्जाचे कागद घेऊन येतो: ट्रॅक्टरचं, सोन्यावरचं, बचत गटाचं.

पैशाचं कालमूल्य हा तर विषयाचा कणाच. पाठ्यपुस्तकांत त्याचं उदाहरण हमखास 'समजा तुम्हाला एक लाख रुपये आज किंवा पाच वर्षांनी मिळणार असतील' असं असतं. असं कुणी कुणाला देत नाही. आम्ही इंदूरच्या हुकुमचंद मिलचं उदाहरण घेतो. ही गिरणी नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला बंद पडली, पुढं लिक्विडेशनमध्ये गेली, आणि कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ ला. सुमारे ४,८०० कामगार, त्यांतल्या अनेकांच्या पश्चात त्यांचे वारस. वर्गाला प्रश्न एकच: वर्षाला आठ टक्के धरले, तर तीस वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची तेव्हाची किंमत किती? दहा पैसे. पुस्तकाच्या मागच्या कोष्टकात ०.०९९४ असा आकडा दिलेला असतो. तो पाठ करणारी मुलं आम्ही खूप पाहिली. देण्यात व्याज किती धरलं गेलं, लिक्विडेशनमध्ये आधी कुणाचा हक्क लागतो, जमिनीची किंमत मध्ये कितीपट झाली, हे प्रश्न आपोआप मागून येतात आणि दिवाळखोरी कायदा पाचव्या युनिटची वाट न बघता पहिल्याच सत्रात वर्गात येऊन बसतो. उज्जैनमध्येही गिरण्या होत्या, त्याही अशाच बंद पडल्या. आमच्या काही मुलांचे आजोबा तिथले.

सगळ्यात जास्त वाद झाला तो डेरिव्हेटिव्हवर. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याकडे मी स्वतः शिकले, त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. हा पेपर तिसऱ्या वर्षाला, तोही ऐच्छिक, तिथंच राहू द्या. "ज्यात घरं बुडतात ते अठराव्या वर्षी शिकवायचं कशाला?" सरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. पण मी वर्गात मागच्या बाकांवर जे बघत होते ते सरांना निवृत्तीमुळे दिसत नव्हतं. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी तेव्हा गुरुवारी असायची (आता मंगळवारी असते), आणि गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला काही पोरांचे चेहरे बघून बाजार वर गेला की खाली ते सांगता यायचं. डिमॅट खातं उघडायला अठरा वर्षं पुरतात. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. मुलं हे आमच्या परवानगीची वाट न बघता शिकत होती, शिकवणारा फक्त टेलिग्रामवरचा कुणीतरी होता.

शेवटी आम्ही पेपर उभा चिरला. ऑप्शनची किंमत कशी ठरते, १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र, हेजिंगचे डावपेच, हे तिसऱ्या वर्षाला. पण तोट्याचं अंकगणित पहिल्या वर्षाला, संख्याशास्त्राच्या पेपरात, संभाव्यतेच्या धड्यात. फासे आणि पत्त्यांची उदाहरणं काढून टाकली. एका संपलेल्या एक्सपायरीचे भाव उतरवून घ्यायचे, बाजारभावापासून लांबचे किती ऑप्शन शून्यावर संपले ते मोजायचं, दलाली आणि कर वजा करायचे, आणि अपेक्षित मूल्य काढायचं. आमच्याकडे बारावीपर्यंत गणित घेतलेली मुलं थोडी. सिग्माचं चिन्ह दिसलं की वही मिटणारी जास्त. या तासाला वही मिटत नाही. सर एकदा येऊन मागं बसले होते. निघताना म्हणाले, "हे ठीक आहे. हे शिकवा." सरांकडून एवढं म्हणजे खूप.

तसा सट्टा माळव्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उज्जैन हे माळव्याच्या अफूच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं, आणि ईस्ट इंडिया कंपनी हा व्यापार आपल्या मुठीत घ्यायला धडपडत होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली तरी पेढ्या इथंच राहिल्या. इथलं गोपाळ मंदिर बांधणाऱ्या बायजाबाई शिंदे यांचं नाव सावकारी व्यवहारातही मोठं होतं. उज्जैनच्या पेढ्यांत त्यांचा पैसा फिरत होता. आमच्यासारखी मराठी घरं शिंद्यांच्या दफ्तरामागूनच इथं आली, त्यामुळे मला हे सांगताना जरा चेव चढतो, हे मान्य. पण 'भारतीय वित्तव्यवस्थेचा विकास' हे प्रकरण प्रत्येक पुस्तकात रिझर्व्ह बँकेपासून, म्हणजे १ एप्रिल १९३५ पासून सुरू होतं, जणू त्याआधी या देशात कुणी कुणाला हुंडी लिहिलीच नव्हती. इथं मी अभ्यासक्रमाला हात न लावता फक्त एक तास घालते.

वायद्यांचं पुस्तकी उदाहरण शिकागोच्या गव्हाचं असतं. आमच्या दारात सोयाबीन. आणि सोयाबीनचे वायदे सेबीनं २० डिसेंबर २०२१ पासून थांबवले, बंदीची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. म्हणजे ज्या पिकावर आमची निम्मी मुलं वाढली त्याचा वायदाच बाजारात नाही. मग शिकवायचं काय? भावांतर योजना. राज्य सरकारनं ती पहिल्यांदा २०१७ मध्ये आणली आणि २०२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी पुन्हा सुरू केली. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. शेतकऱ्यानं माल मंडीत विकायचा, बाजारभाव कमी पडला तर फरक सरकार खात्यात भरणार. फळ्यावर हे मांडलं की मी विचारते, या करारात भाव वर गेला तर फायदा कुणाचा? शेतकऱ्याचा. खाली गेला तर तोटा कुणाचा? सरकारचा. प्रीमियम कुणी भरला? कुणीच नाही, म्हणजे करदात्यानं. हाच पुट ऑप्शन. ज्या मुलाच्या वडिलांनी योजनेत नोंदणी केलीय त्याला हे दोन मिनिटांत समजतं, कधी कधी माझ्यापेक्षा बारकाईनं. एकानं उठून सांगितलं की फरक पापांच्या सौद्याच्या भावावरून निघत नाही, सरकार मॉडेल रेट काढतं त्यावरून निघतो, आणि पापांचा माल ओला होता म्हणून भाव त्याहूनही खाली लागला. त्या फरकाला बेसिस रिस्क म्हणतात, आणि तो भाग माझ्या आखणीत तिसऱ्या वर्षाच्या शेवटी होता. तो आता तिथून उचलून पुट ऑप्शनच्या शेजारी आणलाय.

खेळत्या भांडवलासाठी पोहा मिल. उज्जैनचे पोहे लांब लांब जातात, पण माळवा सोयाबीन आणि गव्हाचा; धान बाहेरून आणावं लागतं. धानाचे पैसे रोख, पोह्यांचे पैसे व्यापारी देईल तेव्हा. रोख अडकते किती दिवस, ते मुलं मिलवाल्याला विचारून येतात. इथं एक गाठ सोडवायला लागली. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत न चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करात वजा मिळत नाही, अशी तरतूद २०२३-२४ च्या व्यवहारांपासून लागू झाली आणि उधारीची सगळी गणितं हलली. पण खेळतं भांडवल दुसऱ्या वर्षात, आयकर तिसऱ्यात, शिकवणारे दोघे वेगळे. दोन्ही पेपरांचा अंतर्गत प्रकल्प एकच ठेवायचा आणि गुण दोघांनी मिळून द्यायचे, असा तोडगा आम्ही काढला. गुणपत्रकाच्या संगणकाला तो अजून पटलेला नाही.

भांडवली अंदाजपत्रकासाठी मात्र उज्जैनइतकं चांगलं गाव नसेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुलं झालं आणि तेव्हापासून मंदिराच्या आसपास ज्याच्याकडे जागा आहे तो वर खोल्या चढवतोय. होमस्टे. त्यात २०२८ चा सिंहस्थ येतोय. वर्गासाठी आम्ही सोपे आकडे धरतो: चार खोल्या, खर्च वीस लाख, दर वर्षी खर्च वजा जाता दोन लाख, आणि तिसऱ्या वर्षी सिंहस्थाचे वरचे तीन लाख. कर्ज दहा टक्क्यांनी. परतफेडीचा काळ काढला तर साडेआठ वर्षं, आणि मुलं खूश. बारा वर्षांचं निव्वळ वर्तमान मूल्य काढलं तर उणे चार लाखांच्या वर. मग कुणीतरी म्हणतं, सिंहस्थात तीन नाही, सहा लाख मिळतील. घाला सहा. तरीही उणेच. सिंहस्थाचा आकडा कितीही फुगवला तरी तो एकदाच येतो. पण साध्या वर्षाचे दोनाचे पावणेतीन लाख झाले तर उत्तर अधिक होतं. घरोघरी चर्चा सिंहस्थाची चाललेली असते आणि निर्णय अवलंबून असतो पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी किती खोल्या भरतात त्यावर.

या तासाला दर वर्षी एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, बारह साल बाद घर गिरा देंगे क्या?" नाही पाडणार. मग अवशिष्ट मूल्य धरा. तेरा लाखांच्या आसपास धरलं की हिशेब शून्यावर येतो. तेरा लाख वाजवी आहे का, यावर चाळीस मुलं चाळीस मतं देतात आणि त्या दिवशी पुढचा धडा होत नाही.

एवढं सगळं आत घ्यायचं तर काही बाहेर काढावं लागतं, आणि तिथं खरा विरोध होतो. लाभांशाचं वॉल्टरचं प्रतिमान मी वगळायला सुचवलं; मोदिग्लियानी आणि मिलरचा १९६१ चा लेख ज्या प्रश्नातून निघतो तो ठेवू, वॉल्टर आणि गॉर्डन एकेका परिच्छेदात आटपू. प्राध्यापक कुरकुरले, पण मोठी तक्रार मुलांची होती. "वॉल्टर तो पक्का आता है, मॅडम!" सूत्र पाठ, आकडे घातले, दहा गुण खिशात. तो आधार काढून घेणारी बाई कुणाला आवडणार? वॉल्टर शेवटी राहिला. चौथ्या युनिटमधून त्याला आम्ही पाचव्यात पाठवला.

आत्ता टेबलावर आयकराचा पेपर आहे. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आलाय. ५३६ कलमं, 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' यांच्या जागी एकच 'कर वर्ष'. ग्रंथालयातली कपाटभर पुस्तकं एका रात्रीत जुनी झाली. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाची विवरणपत्रं जुन्याच कायद्यानं भरायची असल्यानं फ्रीगंजमधल्या ज्या सीएंकडे आमची मुलं इंटर्नशिपला जातात तिथं दोन्ही लागणार. तेव्हा काही काळ दोन्ही शिकवायचे, नवा आधी.

आणि एक वेळापत्रकाची अडचण. २०२५ मध्ये आत आलेली मुलं २०२८ च्या एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसतील, नेमक्या सिंहस्थाच्या दिवसांत. लेखी परीक्षेचं जे व्हायचं ते वरून ठरेल. या मुलांनी मात्र पहिल्या वर्षी एकेका होमस्टेचा अंदाजी तक्ता भरून विभागात जमा केलाय, मालकाच्या सहीनिशी. प्रकल्पाची तोंडी परीक्षा जूनमध्ये ठेवावी, असं मी लिहून दिलंय. तोवर सिंहस्थाच्या खोल्यांचं खरं उत्पन्न हातात आलेलं असेल आणि तक्त्याशेजारी ते मांडता येईल. कागद विभागप्रमुखांकडे आहे. ते म्हणतात, जूनमध्ये मालक खरे आकडे सांगतील कशावरून?